डहाळी आमच्याच आंब्याची

मंडळी, आज दुपारी नातवाच्या लेकीनं मोबाईलवर आंब्याच्या जादूची युक्ती दाखवली. कोय पुरतात, टोपली झाकतात अन् लपवलेली डहाळी हळूच आत खोचतात. "पणजी, कळल्यावर सगळी मजाच गेली बघ," म्हणाली.

मला एकदम आमचं भाजे गाव आठवलं, स्वातंत्र्याच्या आधीचं. भाताची झोडणी उरकली की खळ्यावर जादूवाला यायचा. सकाळीच आमच्या दारी येऊन आईला विचारायचा, "माई, आंब्याची डहाळी घेऊ का?"

"घे की, पर पोरांना दिसू देऊ नगं," आई म्हणायची. मी तिच्या पदराआडून सगळं बघायचे.

दुपार कलल्यावर त्यानं टोपली उचलली, की सगळ्यांच्या आधी आईच ओरडायची, "अगं बया, आंबा उगवला की!"

एकदा मी तिच्या कानात म्हणाले, "आई, ती आपलीच डहाळी हाय."

"व्हय गं, ठावं हाय. गप बघ आता," म्हणत तिनं मला मांडीवर ओढलं.

पोरीला काय सांगू? युक्ती मला तेव्हापासून ठाऊक आहे, तरी ती टोपली उचललेली पुन्हा बघायला जीव तुटतो. फक्त शेजारी आई हवी.

तुम्हाला कुणाशेजारी बसून बघायचंय?