दाराआडची खाज

कोरड्या सुती कापडावरून नखं फिरण्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मोरीच्या बंद दाराआडून तो यायचा. आधी हळू, थांबत, मग एका लयीत, आणि शेवटी इतक्या घाईने की ऐकणाऱ्याच्या अंगावर ओरखडे उठावेत. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा गावामागचं मिठागर चालू होतं. दुपारी माणसं लांब दांड्याच्या फळीने वाफ्यातलं मीठ ओढून बांधाशी आणत, त्याची खरखर माडीवरच्या खोलीत पोचायची आणि ती ऐकत मी कवितेचं पुस्तक छातीवर ठेवून पडून राहायचे. नवऱ्याच्या नखांचा आवाज पहिल्यांदा कानावर आला तेव्हा क्षणभर वाटलं, कोणीतरी पुन्हा मीठ ओढतंय. मिठागर बंद होऊन तेव्हा कितीतरी वर्षं लोटली होती. त्या जागी आता इमारती आहेत आणि त्यांची सावली दुपारी तीनलाच आमच्या अंगणात उतरते.

नवरा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात देखरेखीचं काम करायचा. पॉलिशच्या यंत्रांसमोर उभं राहून घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला घामाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असे. तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात त्याने जेवता जेवता एकच वाक्य सांगितलं, घाम साचून जांघेत खाज सुटली आहे. मी वरण वाढता वाढता हं म्हटलं. आमच्यात शरीराच्या त्या भागाला जे शब्द आहेत ते एकतर शिवीचे किंवा डॉक्टरांचे. मराठीची शिक्षिका असूनही मला तिसरा शब्द सुचला नसता.

रस्त्यावरच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. दहा दिवस आराम पडला, नंतर खाज दुपटीने परतली, पुन्हा ट्यूब आली. पुढे पुढे दुकानदाराला सांगावंही लागत नसे. एकदा मी सोबत होते, तर तो काउंटरमागून हसत म्हणाला, "काका, फिर से वही? खाने लगे हो क्या?" नवराही हसला. दोघांच्या त्या हसण्यात मला तेव्हा दिलासा वाटला होता, म्हणजे साधंच काहीतरी असणार.

मी माझ्या परीने कारणं शोधत राहिले. कपड्यांची पावडर बदलली. आतले कपडे वेगळे उकळून, तीन पाण्यांतून काढून गच्चीवर कडक उन्हात घालू लागले. अंगाचा वासाचा साबण बंद केला. साखर तपासून घेतली, ती ठीक निघाली, आणि खरं सांगायचं तर त्या कागदाने मी निराश झाले, कारण साखर असती तर निदान कशाशी लढायचं ते कळलं असतं. मग एका दुपारी मनात नको तो संशय आला. मी बोलले नाही, पण माझ्या नजरेत त्याला तो दिसला असावा. संध्याकाळी त्याने आपली गादी गुंडाळून बाहेरच्या खोलीत नेली.

सासूबाईंना सांगायची गरज पडली नाही. तो आवाज त्यांनाही ऐकू येत होता. त्यांच्या कपाटात मिठागराच्या शेवटच्या हंगामातल्या दोन बाटल्या होत्या. मीठ उचलल्यावर वाफ्यात जे पिवळसर, तेलकट, कडू पाणी उरतं, ते त्यांत भरून ठेवलेलं. सासरे जन्मभर लंगोटी लावून खाऱ्या पाण्यात उभे राहिले. फोड, खरूज, नायटा, सगळ्यावर त्यांनी हेच लावलं. सासूबाईंनी बाटली मुलाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुज्या बापाला कदी डागतर लागला न्हाय." त्या दिवशी मोरीतला नळ खूप वेळ पूर्ण सोडलेला होता. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक दाबलेला आवाज होता. मी गॅस मोठा केला आणि कुकरची शिट्टी होण्याची वाट पाहत राहिले.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. मी म्हटलं, "अहो, मला एकदा दाखवा तरी."

"तिकीट लावू का?" तो म्हणाला, आणि पेपर उघडून बसला.

महिनाभराने तो गावातल्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी पाहिलं का, असं विचारल्यावर पाहिलं की, म्हणाला. पुढे फार उशिरा मला कळलं की त्यांनी टेबलापलीकडून दोन प्रश्न विचारले होते, याने खरी जागा न सांगता पुन्हा जांघच सांगितली होती, आणि पट्टा न सोडताच गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परतला होता. दुकानदाराने औषध दिलं, आईने दिलं, डॉक्टरांनी दिलं, मी कपडे उकळले. बघितलं कोणीच नाही.

मीच मग मीरा रोडला त्वचारोगाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाकावर बसलो असताना आतलं दार उघडलं आणि डॉक्टर, एक तरुण बाई, स्वतःच पुढच्या पेशंटला बोलवायला डोकावल्या. नवऱ्याने फोन आल्यासारखा कानाला लावला आणि जिना उतरला. आमचा नंबर आला तेव्हा मी एकटीच आत गेले. त्या चिडल्या नाहीत. मी सांगितलेलं सगळं त्यांनी लिहून घेतलं आणि शांतपणे कारणं समजावली. बहुतेकदा बुरशी असते. कधी साबण किंवा रबर सोसत नाही. कधी इसब असतो. त्या ट्यूबमध्ये जे औषध असतं त्यानेच कातडी पातळ होते, बुरशी दबते आणि पुन्हा उसळते. आणि एक आजार असा, ज्यात तिथली कातडी पांढरी, कडक, आवळलेली होते. तो मलमाने आटोक्यात राहतो, पण वर्षानुवर्षं अंगावर काढला तर काही जणांत वाईट वळण घेतो. "आणा त्यांना. पाहिल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही."

तो खाली उसाचा रस पीत उभा होता. रिक्षात मी त्याला सगळं सांगितलं. बुरशी, साबण, इसब, ट्यूब. शेवटचं सांगितलं नाही. वाटलं, घाबरला तर दार आणखी घट्ट लावून घेईल. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बघ, साधंच आहे, उगाच बाईमाणसासमोर उघडायला लावणार होतीस. ट्यूब तेवढी त्याने बंद केली. त्या रिक्षातल्या माझ्या गप्प राहण्याचा हिशेब मी अजून कोणापुढे मांडलेला नाही.

आठ महिने गेले. मग मोरीतला आवाज बदलला. लघवीला त्याला वेळ लागू लागला, थेंबथेंब, थांबत. धुण्याच्या बादलीत त्याच्या चड्डीवर मला फिकट गुलाबी डाग दिसले, आणि फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्याला येतो तसा वास आला. ती चड्डी हातात घेऊन मी सरळ त्याच्यासमोर उभी राहिले.  तो चपला घालून निघाला.

हॉस्पिटलातल्या वयस्क सर्जनना समजायला एक मिनिट पुरलं. बाकीचे दिवस कातडीचा तुकडा तपासण्यात आणि अहवालाची वाट पाहण्यात गेले. कॅन्सर टोकापासून दोन्ही जांघांतल्या गाठींपर्यंत गेला होता. लघवीला वाट राहावी आणि वेदना कमी व्हाव्यात एवढ्यासाठी त्यांनी काही भाग कापून काढला. बरं होण्याची भाषा त्यांनी एकदाही केली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले की सुरुवातीला आले असते तर कदाचित मलमावर भागलं असतं. मी मान हलवली. हे मला आठ महिन्यांपूर्वीच ठाऊक होतं, असं त्यांना सांगितलं नाही.

घरी आणल्यावर जखम बांधायला रोज एक माणूस येत असे. तो दार लावून काम करायचा, मी बाहेर पाणी तापवायचे. सासूबाई पलंगावरून विचारायच्या, "मिठाचा पानी हाय का संपला?" दुसरी बाटली कपाटात तशीच भरलेली आहे. मी संपलं म्हणून सांगते.

परवा सकाळी तो माणूस आला नाही. अकरा वाजले, मग साडेअकरा. पट्टी ओली होऊन वास येऊ लागला होता. मी ताटात कापूस, पट्टी, औषधी पाण्याची बाटली मांडली आणि त्याच्या उशाशी स्टुलावर ठेवली. तीन वर्षांच्या सवयीने वळले आणि बाहेर जाऊन दार ओढू लागले. आतून हाक आली नाही, पण खोकला आला, थांबवण्यासारखा. मी फटीतून पाहिलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं, उजव्या हाताने टॉवेलची गाठ सोडली होती, आणि सोडलेलं टोक मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की नखं पांढरी पडली होती. मी दारातच उभी राहिले. पुढे होण्याचा मला आता काय अधिकार, ते कळेना. भिंतीकडे पाहूनच तो म्हणाला,

"बघ."