आप्पांचा आवाज

माझे सासरे, आप्पा, एका जागी बसून कधी जेवले नाहीत. दोन घास खाऊन उठायचे, गॅलरीत जायचे आणि परत येताना भांडणाचा एखादा मुद्दा घेऊन यायचे. भांडण संदीपशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी. परळ सोडून मीरा रोडला आलो हीच चूक, इथून सुरुवात. मग दोघांचेही आवाज चढायचे. कुणी अडवलं तर आप्पा म्हणत, "मी ओरडत नाहीये. माझा आवाजच असाय."

आमची मुलगी इरा पाच महिन्यांची असताना माझ्या लक्षात आलं, घरात आरडाओरडा झाला की ती रडत नाही. मुठी आवळून, छताकडे बघत गप्प पडून राहते. वजनही वाढत नव्हतं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेव्हा आप्पा हट्टानं सोबत आले. तपासून झाल्यावर बाईंनी विचारलं, "घरात भांडणं होतात का?"

मी इराला दुपट्यात गुंडाळू लागले. आप्पाच म्हणाले, "होतात. पण पोरीवर मी कधी आवाज चढवला नाही."

"आजोबा, तुम्ही कुणावर ओरडताय ते तिला कळत नाही. तिला नुसती धास्ती कळते. धास्ती सारखी राहिली की अंगात ताणाचं हार्मोन वाढलेलंच राहतं, आणि मेंदू तर आत्ता घडतोय. वजनाचं मी बघते. घराचं तुम्ही बघा."

घरी आल्यावर चपला न काढताच म्हणाले, "सूनबाई, आमचे वडील कामावरून आले की कडी वाजायची आणि आरडाओरडा सुरू व्हायचा. अजूनही कुणी दार वाजवलं की मी हातातला घास टाकून उठतो. अडुसष्टचा झालो मी."

स्वभाव काही गेला नाही. पण राग आला की म्हणायचे, "संदीप, खाली चल. तिथे भांडू." आणि बापलेक खरंच गेटपाशी उभे राहून भांडायचे. वॉचमन मध्ये पडायचा, "अंकल, जाने दो ना." जिने चढून येईपर्यंत दोघांचाही जोर ओसरलेला असायचा. मग आप्पा इराला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायचे, भाईंदरच्या बाजारात आज कुठली मासळी आली होती ते तिला हळू आवाजात सांगायचे.

गेल्या वर्षी आप्पा गेले. मला आठवते ती इराच्या पहिल्या वाढदिवसाआधीची एक दुपार. आप्पांच्या हातून स्टीलचा डबा धाडकन पडला. इरा दचकली, तिनं भोकाड पसरलं आणि रांगत थेट आप्पांपाशी जाऊन दोन्ही हात वर केले. त्यांनी तिला उचललं.

"रड बाय, रड," ते म्हणाले, "मोठ्यानं रड. तुझंच घर आहे."