तळाचा हुलगा

लष्करातून सुट्टीवर आलेला जालिंदर आटपाडीच्या स्टँडवर उतरला, तेव्हा हरणाबाईनं आपल्या नवऱ्याला चटकन ओळखलंच नाही. गेला होता सडपातळ, काटक गडी. आला तो पोट सुटलेला, गाल फुगलेला, आणि उजवा पाय मात्र वाळून काठी झालेला. डोंगरातल्या रस्त्यावर लष्कराचा ट्रक उलटला होता, त्यात मांडीचं हाड मोडलं. कित्येक महिने तो दवाखान्याच्या खाटेवर पडून होता. खाल्लेलं सगळं पोटावर साठत गेलं आणि प्लास्टरातली मांडी आटत गेली. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "पावसाळा सरला की पुण्याला तपासणीसाठी डॉक्टरांचं बोर्ड बसेल. वजन उतरव, मांडी भर. नाहीतर कायमचा घरी जाशील."

घरी काय होतं? खडकाळ माळ, चार कोंबड्या आणि हरणाबाईच्या अंगावर पिणारी लेक. मोठा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, पण गावात कुणाच्याच अंगावर अजून मांस धरलं नव्हतं.

जालिंदरनं सरळ हिशेब केला. खाल्ल्यानं वजन वाढलं, तर न खाल्ल्यानं उतरेल. सकाळी कोरा चहा, रात्री चतकोर भाकरी, आणि दिवसभर लंगडत माळावर चालायचं. पोट उतरलं. शेंगांच्या अडतीवर पोती मोजायच्या काट्यावर तो बसला, वजन घटलेलं पाहिलं आणि तिथंच त्याचे डोळे भरून आले.

पण दुसऱ्याच दिवशी टेकाड चढताना उजवा पाय खालून निसटला. तो तोंडावर पडला तो उठेचना. तालमीकडं निघालेल्या तात्याबा वस्तादानं त्याला हाताला धरून बसवलं. म्हाताऱ्यानं मांडी चाचपली.

"पोटाच्या आदी मांडीच खाल्लीस की रं," तो म्हणाला. "उपाशी अंगाला काय कळतंय, काय ठिवायचं आन् काय जाळायचं!"

"मग करू काय वस्ताद? खाल्लं तर पोट सुटतंय, न्हाई खाल्लं तर पाय जातोय. मला दोनी बाजूनं मरान हाय."

"गूळ, साकर सोड. तळलेलं सोड. भाकरी सोडू नगंस, मेहनतीआदी एक खा, न्हाईतर भोवळ यील. मूठभर शेंगा चाव, तेवढं तेल अंगाला लागतंय. आन् हुलगा, मटकी, अंडी, ताक पोटभर. मांडी त्येच्यावर भरंल. ही वणवण बंद. भित्तीला धरून बैठका मार."

जालिंदर तालमीत जाऊ लागला. पहिल्या दिवशी दोन बैठकांत रडकुंडीला आला. हरणाबाई दोन्ही वेळेला वाडगाभर हुलगा त्याच्यापुढं ठेवायची, वर उकडलेलं अंडं. हळूहळू मांडीला हाताला लागेल असा ताठरपणा आला, पोटही वाढलं नाही.

एकदा तो दुपारी लवकर घरी परतला. लेक रडून रडून निळी पडली होती. चुलीपुढं हरणाबाई भाकरीचा तुकडा हुलग्याच्या नुसत्या पाण्यात बुडवून खात होती. तळाचा सगळा हुलगा त्याच्या वाडग्यात काढून झाकून ठेवला होता.

"तुज्या ताटात हुलगा कुटं हाय?"

"खाल्ला की मगा."

त्यानं पातेलं कलतं केलं. तळाला दाणा नव्हता.

"पोरीला दूध पुरंना झालंय व्हय गं?"

तिनं रडती लेक मांडीवर ओढली. मग एकदम उसळून म्हणाली, "आवं, तुमची नोकरी गेली तर आमी तिगं काय माती खायाची? तुमी खावा! माजं काय बी हुदे."

आपल्या मांडीवर चढलेलं मांस कुणाच्या अंगावरून उतरलंय, ते जालिंदरला दिसलं. त्यानं वाडगा तिच्यापुढं सरकवला, तिनं परत ढकलला. लेक मधे किंचाळत होती आणि दोघं वाडग्यावरून भांडत होती. शेवटी तो म्हणाला, "तू खाल्ल्याबिगर मी घास शिवनार न्हाई." त्या दिवसापासून हुलगा निम्मा निम्मा झाला, अंडं तिचं. पोरीचं रडं कमी झालं. मांडी मात्र होती तिथंच अडली.

पुण्यात डॉक्टरांनी दोन्ही मांड्यांना फीत लावली. वजन नियमात बसलं, उजवी मांडी कमीच भरली. "बैठका मार," म्हणाले. तो मारत राहिला. पाय थरथरू लागला, डोळ्यांपुढं काळोख आला, आणि शेवटी भिंत धरावी लागली.

ट्रंक न्यायला तो घरी आला. हरणाबाई दारातच उभी होती.

"काय म्हनले?"

"घालवलं न्हाई. वरीसभर सामानाच्या कोठारात बसवनार. मग पुन्यांदा तपासनी." तो उंबऱ्यावर बसला. "बसून पोट सुटंल गं माजं. कसं व्हायाचं?"

ती लेकीला घेऊन त्याला स्टँडवर पोचवायला आली. विट्याची गाडी लागली, तेव्हा त्यानं तिच्याकडून लेकीची शपथ घेतली, रोज पोटभर जेवायची. तिनं मान हलवली. गाडी सुटली तरी तो खिडकीतून तिच्या मनगटांकडं बघत होता. शपथेवर त्याचा विश्वास बसला नव्हता.