एक श्रमिक भगिनी

“हिला ते चित्रांचं द्या,” मॅडम म्हणाल्या. “तेवढं झेपेल तिला.”

सरांनी टीपॉयवरच्या ढिगातून एक पातळ पुस्तिका उपसली आणि माझ्या हातात ठेवली. मुखपृष्ठावर ढेरपोट्या मालक, तोंडात सिगार. समोर बाह्या वर सारलेला कामगार, हातात हातोडा. आत प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली एक वाक्य. अक्षरं पहिलीच्या पुस्तकात असतात तेवढी मोठी.

मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेले. सरांना ते ठाऊक होतं, मॅडमनाही. पण मी साड्यांच्या दुकानात काम करते हेही त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या हिशेबात या दोहोंपैकी एकच गोष्ट खरी असू शकत होती.

वर्ध्यातल्या एका कॉलनीतला सरांचा हा दिवाणखाना. सर महाविद्यालयातून निवृत्त झालेले, मंडळातल्या मॅडम बँकेतून. दर रविवारी सकाळी इथं अभ्यासमंडळ भरायचं. त्या रविवारी नव्या लोकांना पुस्तकं वाटली जात होती. समाजवाद, मार्क्सवाद वाचायचा तर सुरुवात कशानं करायची, ते सर ठरवून देत होते. माझ्या शेजारी नव्यानंच आलेला एक इंजिनिअर बसला होता. अभ्यासक्रमाबाहेरचं एकही पुस्तक आपण आजवर वाचलेलं नाही, हे तो स्वतःच हसत हसत सांगत होता. त्याला मार्क्सचा जाड खंड मिळाला.

मी विचारलं, “सर, ते जाड मला मिळेल का?”

“त्याला वेळ आहे बेटा,” सर म्हणाले. “वाचनाची शिडी असते. तू पहिल्या पायरीवर आहेस.”

इंजिनिअर बहुधा लिफ्टनं आला होता.

मला ते जाड पुस्तक का हवं होतं, ते सांगते. आमच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं. शेठ गल्ल्यावर बसतात. भिंतीवरचा गणपतीसुद्धा बसलेला. उभ्या फक्त आम्ही मुली. दुकान रिकामं असलं तरी उभ्या. बसलेली मुलगी दिसली की दुकान मंद वाटतं, असं शेठचं म्हणणं. मंद वाटू नये म्हणून आम्ही पिंडऱ्या सुजवून घ्यायच्या. माझा दिवस कोण घेऊन जातं, आणि तो किती लांब असावा हे कोण ठरवतं, एवढंच मला समजून घ्यायचं होतं. कामाच्या दिवसाच्या लांबीवर त्या पुस्तकात मोठं प्रकरण आहे, हे मी कॉलेजात ऐकलं होतं. तेव्हा ते वाचायचं राहून गेलं. आता उभं राहून राहून त्याची गरज पडली होती.

सर एकदा साडी घ्यायला दुकानात आले. मी पार्सलचा वर्तमानपत्री कागद वाचत होते. “वाचतेस?” त्यांनी विचारलं. “मग आमच्याकडे ये.” मी गेले. आनंदानं गेले, हे लपवत नाही.

चित्रांची पुस्तिका मी नालवाडीला घरी नेली. माय चार घरी पोळ्या लाटायला जाते. तिनं हात पुसून पुस्तिका चाळली.

“हा मोटा कोन वं?”

“मालक.”

“तुहा शेठ तं काटकुळा आहे. शुगर आहे म्हन्ते त्याले.” तिनं पान उलटलं. “अन् हा दात-ओठ काऊन खाऊन राह्यला? तुहा शेठ तं बेटा बेटा करते.”

मंडळात वर्षानुवर्षं वाटल्या गेलेल्या त्या पुस्तिकेची याहून नेमकी समीक्षा मी ऐकलेली नाही. पण माय मंडळात नव्हती. असती तर तिला पोळ्यांबद्दल बोलायला सांगितलं असतं.

कारण तिथली रीतच तशी होती. मंडळ साडेनऊला सुरू व्हायचं आणि मला दहाला उठून दुकानात जावं लागायचं. मग सर म्हणायचे, “हिचं आधी घेऊ.” दवाखान्यात उपाशीपोटीचं रक्त आधी घेतात, तसं. मी सांगायचं. उभं राहणं, पाय, लघवीला जायची चोरी, सणाच्या दिवसांत जेवणाची सुट्टी बुडणं. लोक माना हलवायचे. मॅडम डोळे मिटून घ्यायच्या. कुणीतरी “बापरे” म्हणायचं. हे ‘बापरे’ आलं की माझं काम झालं. मग सर हात वर करायचे: “आता आपण याचं विश्लेषण करू.” तेवढ्यात घड्याळात दहा व्हायचे आणि मी चपला शोधायचे.

सर एकदा गमतीनं म्हणालेसुद्धा, “अनुभव हिचा, विश्लेषण आपलं. श्रमविभागणी.” सगळे हसले. मीही हसले. ते हसू आठवलं की अजून तोंड कडू होतं.

मग मॅडम दुकानात आल्या. पुतणीचं लग्न होतं. सोबत तीन बायका. मी साड्या काढत गेले. पैठणी, कांजीवरम, बनारसी. काउंटरवर डोंगर झाला. “ती वरची दाखव गं. नाही, तिच्या खालची. उलगड ना, अशी कशी कळणार?” मी उलगडत होते. त्यांनी मला ओळखलं होतं, पण ओळखीचा उपयोग शेवटी केला.

“शेठजी, ही आमच्या मंडळात येते बरं का,” त्या गल्ल्याकडे वळून म्हणाल्या. “कामगारांच्या प्रश्नांवर आम्ही अभ्यास करतो. फार सोसलंय हो हिनं. तुम्ही हिला बसूसुद्धा देत नाही म्हणे.”

माझ्या हातातली साडी हातातच राहिली.

मॅडम पुढं म्हणाल्या, “आता ही आमच्यातलीच. जरा कमी करा भाव.”

शेठनं भाव कमी केला. पिशवी दिली, नमस्कार केला. मॅडम गेल्या. मग शेठनं मला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नाही.

“पढ़ती है तू उधर?”

“जी.”

“अच्छा है बेटा. पढ़ना चाहिए.” तो हसला. “पढ़. खड़े-खड़े पढ़.”

त्या दिवसापासून माझी पाणी प्यायची सुट्टीही त्याच्या नजरेत यायला लागली.

हे मी सरांना सांगितलं. वाटलं होतं, ते मॅडमना दोन शब्द बोलतील. सर गंभीर झाले, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, “हे रविवारी नक्की सांग हं. फार बोलका प्रसंग आहे.”

पुढं एका रविवारी शेठच्या घरात मयत झाली आणि दुकान बंद राहिलं. मी मंडळात सांगितलं नाही. म्हटलं, आज बसू. आज शेवटपर्यंत ऐकू. माझ्या अनुभवाचं एवढे दिवस जे विश्लेषण होतंय, ते काय आहे ते तरी कळेल.

दहा वाजले. मी उठले नाही. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मॅडमनीही पाहिलं. आतून पोह्यांचा वास आला आणि बशांचा आवाज. म्हणजे पोहे असायचे. दर रविवारी असायचे. दहानंतर.

“आज उशीर चालतो का तुला?” सरांनी विचारलं.

“दुकान बंद आहे सर.”

“वा वा,” सर म्हणाले. त्या ‘वा’मध्ये काही दम नव्हता.

पोहे आले. मोजून आणलेल्या बशांत एक कमी पडली, तेव्हा सरांच्या पत्नीनं आत जाऊन माझ्यासाठी वाटीत आणले. आणि मग विश्लेषण सुरू झालं. महामार्गालगतच्या प्लॉटचं. कोणी घेतला, कोणाचा राहिला, भाव अजून चढतील की नाही. मग कोणाच्या तरी मुलाच्या अमेरिकेतल्या व्हिसाचं. मग गुडघ्यांवर कोणता डॉक्टर चांगला, त्याचं. गुडघ्यांचा विषय निघाला तेव्हा मला वाटलं, आता पायांवरून गाडी माझ्याकडे येईल. आली नाही. त्यांचे गुडघे वेगळे होते. इंजिनिअरचा जाड खंड त्याच्या मांडीवर होता आणि त्यावर पोह्यांची बशी.

मी वाटी धुऊन ठेवली आणि निघाले. त्याच आठवड्यात मैत्रिणीबरोबर नागपूरला गेले आणि जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावरून ते जाड पुस्तक घेतलं. हिंदी अनुवाद, पाठीची शिवण सुटलेली. सुरुवातीची पानं मला कळली नाहीत. खोटं कशाला बोलू? दोनदा वाचली, तरी नाही. शिडी असते हे सरांचं म्हणणं खरं असेलही. पण मी शिडी सोडली आणि मधल्या पानांवर उडी मारली, कामाच्या दिवसाच्या प्रकरणात. तिथं कुठल्या तरी थंड देशातल्या, कधीच मरून गेलेल्या बायका कापड शिवत होत्या, भट्ट्यांपाशी उभ्या होत्या. त्यांच्या मालकांची कारणं मी वाचली. ती मला पाठ होती. मधाळ आवाजात रोज ऐकत होते. ते प्रकरण वाचताना मी कुणाचा अनुभव नव्हते. मी वाचक होते. या सुखाची मला माहितीच नव्हती.

थोड्याच दिवसांत मंडळानं मोठा कार्यक्रम ठरवला. ‘वैचारिक वाचनाची सुरुवात कशी करावी?’ हॉल घेतला. निमंत्रण माझ्या मोबाइलवर आलं. अध्यक्ष अमुक, त्यांच्या नावापुढे पदव्या. प्रमुख वक्ते तमुक, त्यांच्या नावामागे डॉक्टर. आभार मानणाऱ्याचंसुद्धा नाव. आणि मध्ये एक ओळ: ‘अनुभवकथन – एक श्रमिक भगिनी.’

मला कुणी विचारलं नव्हतं. नावही टाकलं नव्हतं.

मी सरांना फोन केला. “सर, मला पुस्तकावर बोलायचंय. मी वाचतेय ते. थोडंच कळलंय, पण जे कळलं आणि जे नाही कळलं, दोन्ही सांगेन. नव्यानं वाचणाऱ्यांना उपयोग होईल.”

“बेटा, पुस्तकावर बोलायला माणसं आहेत गं,” सर म्हणाले. अगदी मायेनं. “तुझ्यासारखं बोलणारं कोणी नाही.”

कार्यक्रमाला हॉल भरला होता. व्यासपीठावर खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर शाली. माझी जागा खाली, पहिल्या रांगेत, पंख्याबाहेर. सरांनी माझी ओळख करून दिली: “आता आपण पुस्तकं बाजूला ठेवू आणि थेट जीवन ऐकू.”

मी माइकपाशी गेले.

“मी अनुभव सांगणार नाही,” मी म्हणाले. “या लोकांनी माझा अनुभव पुष्कळ ऐकलाय. ऐकून काय केलं, तर पोहे खाल्ले. आज विषय पुस्तकांचा आहे. मी एक पुस्तक वाचतेय. त्यावर बोलू देणार असाल तर बोलते. नाहीतर खाली बसते.”

सर उठून माझ्याजवळ आले. माइकवर हात ठेवून हळू म्हणाले, “वेळ कमी आहे बेटा. दोन मिनिटं दुकानाचं बोल अन् संपव.”

मी चित्रांची पुस्तिका पिशवीतून काढली, त्यांच्या हातात दिली आणि चालायला लागले.

आणि टाळ्या पडल्या. जोरात. मी दारापर्यंत पोचेस्तोवर वाजत होत्या. मॅडम डोळे पुसत होत्या. सरांचा आवाज माझ्या पाठीवर आला, माइकमधून, भरून आलेला: “मित्रांनो, हाच तो आक्रोश! हे न बोलणं किती बोलून गेलं!”

त्यांनी माझा नकारही खाल्ला. ढेकर देऊन.

महिनाभरानं सरांचा फोन आला. पवनारला एक शिबिर आहे. बाहेरगावचे लोक येणार आहेत. “तुझं ते परवाचं फार गाजलं,” सर म्हणाले. “तिथंही तसंच कर ना. मी आधी नाव पुकारतो, तू ये, नकार दे, अन् निघून जा.”

माय शेजारी बसून लसूण सोलत होती. मी फोन स्पीकरवर टाकला.

“सर,” मी म्हणाले, “या वेळी तुम्ही सांगा तुमचा अनुभव. बंगला कसा झाला. भांडी घासणाऱ्या बाईला रविवारी सुट्टी असते का. मी ऐकते. विश्लेषण मी करीन. मला दहाला जायचं नाहीये.”

“तू फार कडवट झालीस गं,” सर म्हणाले. “आम्ही तुला आपलं मानलं.”

“आपलं मानलं म्हन्ते,” माय लसणावरची नजर न काढता बोलली. “साडी बी तसीच आपली मान्ते लोकं, भाव पाडून. ठेव वं तो फोन.”

मी ठेवला.

दुकानात मी अजून आहे. दुसरं काम मिळेस्तोवर राहीन. जाड पुस्तक अर्ध्यावर आलंय. त्यातलं पुष्कळ मला कळत नाही, आणि जे कळत नाही ते कुणाच्या दिवाणखान्यात विचारायला मी जाणार नाही. पुन्हा वाचीन. कुणी बरोबरीनं बसून वाचणार असेल तर त्याच्यासोबत वाचीन. पुस्तकं रद्दीतून घेईन, मागून घेईन, वाचनालयात हट्टानं बसून घेईन. कुठलं आधी अन् कुठलं नंतर, ते मी ठरवीन, आणि चुकले तर चूक माझी असेल. पण पुस्तकाच्या बदल्यात माझं दुखणं कुणाला बघायला देणार नाही. आता कुणी “बापरे” म्हणायला तोंड उघडलं, तर मी तिथूनच उठणार.