विशाखा सिस्टरची बदली

खरवईच्या विशाखा सिस्टरने उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात अकरा वर्षं कॅज्युअल्टीत काढली. धावपळीत कित्येकदा डबा तसाच घरी परत यायचा. तीनदा अर्ज केल्यावर अखेर तिला लसीकरण विभागात बदली मिळाली. तिथे काम दुपारीच आटपायचं.

तरी चौथ्या दिवशी ती जेवायचं सोडून कॅज्युअल्टीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत अपघाताचे दोन पेशंट होते आणि इन्चार्ज सिस्टर एकट्याच धावत होत्या.

"काय गं, काही विसरलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," म्हणत विशाखाने हातमोजे चढवले.

घरी उशीर झाला. "मग बदली मागितलीस कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, मलाच कळत नाही," ती म्हणाली. परतीचा अर्ज करावा की नाही, हे आजही तिचं ठरत नाही.