मिसेस ब्रॉफींच्या दारातली जागा

अट्रॅक्टा फ्लिन कशी बाई आहे हे कळायचं असेल तर तिला आठ डिसेंबरला पाहावं. त्या दिवशी आमच्या रॉसकॉमनमधलं निम्मं गाव नाताळच्या खरेदीला डब्लिनला जातं, अगदी माझ्या आईच्या वेळेपासून. बाकीचे तिथे हॉटेलात जेवतात, आणि परतल्यावर आठवडाभर महागाईच्या नावानं रडतात. अट्रॅक्टा आपल्या लहानशा लाल गाडीनं जाते आणि एक सेंटही वाया घालवत नाही.

शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं राबलेली बाई ती, नवरा गेल्यापासून एकटीच. डिकीत चहाचा थर्मास, हॅमची सँडविचेस आणि एक पोतं टर्फ, म्हणजे आमच्या दलदलीतून कापून वाळवलेलं जळण. टोलनाका जवळ आला की ती मोठा रस्ता सोडते आणि एनफील्डवरून जुन्या रस्त्यानं जाते. हीटरला हात लावू देत नाही.

"हीटर पेट्रोल पितो गं. अंगात कोट कशाला घातलायस?"

या वर्षी तिनं मला बरोबर घेतलं. का, ते काही सांगेना. दोघींत पेट्रोल स्वस्त पडतं म्हणाली. मी तिच्यापासून दोन फाटकं पलीकडे राहते, तिला चांगली ओळखते, आणि हे कारण मला पटलं नव्हतं.

एनफील्डच्या चर्चपाशी तिनं गाडी थांबवली. डिकी उघडून आम्ही उभ्यानंच चहा घेतला. थंडीनं माझे दात वाजत होते.

"डिम्प्ना," ती म्हणाली, "मिसेस ब्रॉफींना वाटतं, फर्गल जिवंत आहे."

मिसेस ब्रॉफी म्हणजे डब्लिनमध्ये जिच्या दारात अट्रॅक्टा गाडी लावते ती बाई. बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा फर्गल सात आठवडे तिथल्या हॉस्पिटलात होता. तिथलं पार्किंग परवडेना, म्हणून अट्रॅक्टानं जवळच्या एका गल्लीत गाडी लावली. समोरच्या घरातून ही बाई तरातरा बाहेर आली, "इथे लावू नका, चाकाला कुलूप घालतील!" म्हणून ओरडली, आणि लगेच म्हणाली, "माझ्या दारात लावा. माझ्याकडे कुठे गाडी आहे?" सात आठवडे गाडी तिथेच लागत होती. बाईनं पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दर वर्षी पोतंभर टर्फ.

"तो गेला त्याच दिवशी गाडी काढायला गेले," अट्रॅक्टा सांगत होती. "त्यांनी दारातून विचारलं, नवरा कसा आहे? माझ्या तोंडून 'बरा आहे' असं निघून गेलं. मग दर वर्षी त्या विचारतात. मी सांगते, गुरं सोडून यायला तयार नाही. गेल्या वर्षी त्याची कंबर धरली होती."

"गेलेल्या माणसाची कंबर धरलीस तू?"

"हसू नकोस गं."

मी हसत नव्हते, पण रागावले होते. इतकी वर्षं शेजार, आणि मला हे आज कळावं!

"नाताळ झाला की त्या मुलाकडे कॉर्कला राहायला जाणार," ती म्हणाली. "म्हणजे आजच सांगायला हवं. त्यांनी मला आसरा दिला आणि मी त्यांना फसवलं. त्यांनी दार लावून घेतलं तर मी काय करू? माझा धीर सुटला तर तू सांग."

"मी? मुळीच नाही. तुझा नवरा, तूच सांग."

उरलेल्या वाटेवर ती ओठ हलवत वाक्य जुळवत होती. मला तिची दया येत होती.

मिसेस ब्रॉफी ऐंशीच्या पुढच्या, लहान चणीच्या. घरात जिकडेतिकडे बांधलेली खोकी. आम्हाला शेगडीजवळ बसवून त्यांनी चहा ओतायला घेतला आणि विचारलं, "आणि फर्गल कसा आहे, पोरी?"

अट्रॅक्टानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कपाकडे पाहिलं.

"मिसेस ब्रॉफी, फर्गल गेला. बारा वर्षं झाली. मी तुमच्याशी खोटं बोलत आले."

म्हातारीनं किटली खाली ठेवली. ॲप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, पुढे आली आणि अट्रॅक्टाचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुझ्या दुःखात मी सहभागी आहे, अट्रॅक्टा."

आमच्याकडे मयताच्या घरी रांगेत उभं राहून सगळे हेच म्हणतात. फर्गलच्या वेळी मीही म्हटलं होतं, आणि ही बाई रडत कशी नाही म्हणून मनातल्या मनात नाक मुरडलं होतं. आज ती हुंदके देऊन रडली. मिसेस ब्रॉफींनी तिला रडू दिलं, आणि मग एकेक विचारत गेल्या. खांदा कुणी दिला? पाऊस होता का? कुठला कोट घातला त्याला? अट्रॅक्टानं सगळं सांगितलं. चहा कुणीच प्यायलं नाही.

निघताना अट्रॅक्टा टर्फचं पोतं काढायला बाहेर गेली. मी मिसेस ब्रॉफींना म्हटलं, "तुम्ही रागावला नाहीत, फार बरं झालं."

"रागवायचं कशाला? मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याचे बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आली होती ती. माणूस बरा होत असला की त्याचे बूट कुणी घरी नेत नाही."

"मग दर वर्षी विचारत का होतात?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तिकडे गावात कुणी विचारत होतं का?"

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. तो गेल्यावर महिन्यानं चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली, त्यानंतर फर्गलचं नाव माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. तिला त्रास नको, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला तिच्या रडण्याची भीती वाटत होती.

त्या दिवशी आम्ही फारशी खरेदी केली नाही. दोन बाहुल्या आणि भेटी गुंडाळायला बाजारात मिळालेला स्वस्त कागद, तेवढंच. परतीच्या वाटेवर अंधारून आलं. अट्रॅक्टा गाडी चालवत होती, आणि मी शब्द शोधत होते. इतक्या वर्षांनी सुरुवात कुठून करायची?

"अट्रॅक्टा," मी शेवटी म्हटलं, "फर्गल चहात साखर किती घालायचा गं?"

तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडे.

"चार चमचे," ती म्हणाली. "आणि ढवळायचा नाही. मग तळाची साखर चमच्यानं खरवडून खात बसायचा, आणि मी ओरडले की तोच चमचा माझ्या तोंडात घालायचा."