ठेंगूंच्या नावाचे गहू

हसा खुशाल, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. कारण गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण ठेंगूंच्या नावाने कानबाईचे गहू मोजणारा अख्ख्या खानदेशात मीच एक निघालो!

ठेंगू म्हणजे बुटके हो. वीतभर उंच, हातभर दाढी, राहायला जमिनीखाली. ते कुठून आले ते सांगतोच. आधी कानबाई.

श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी रोट. आमच्या घरची रीत अशी की, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. काल जन्मलेलं पोर असलं तरी त्याची सव्वा मूठ. ते गहू दळायचे, रोट करायचे, आणि भाऊबंदांनीच बसून संपवायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. बायकांची मूठ का नाही, असं माझी मुलगी दर वर्षी विचारते. आबा दर वर्षी त्या वेळेपुरते बहिरे होतात.

आबा म्हणजे माझे वडील. तर मुद्दा काय, मूठ धरली तर तुम्ही घरचे. नाही धरली, तर तुम्ही कोण?

आणि नेमकं हेच बारा वर्षांपूर्वी नानांनी विचारलं. नाना आबांचे धाकटे भाऊ, सुरतेला कापडाच्या लूमवर गेलेले आणि तिकडेच स्थिरावलेले. त्या वर्षी त्यांना नातू झाला होता. कानबाईला सगळे आले, आणि कळलं काय, तर बारक्याची मूठ धरायची आबा विसरले!

"मना नातू भाऊबंद नही का?" नाना म्हणाले.

"अरे, मूठभर गहूसाठे इतला तमाशा?" आबा म्हणाले.

"मंग आमना बठ्ठासना नाव काटी टाक!"

आता शहाण्या माणसाने काय करावं? हसून न्यावं. आबांनी पेन मागितलं! यादीच्या वहीतल्या सुरतवाल्यांच्या नावांवर एकेक काट मारली आणि वही फळीवर ठेवून दिली. नाना आल्या पावली परत गेले. त्यानंतर बारा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी शब्दाने बोलले नाहीत. अक्का, म्हणजे माझी आई, दर कानबाईला रोट थापताना सुरतेच्या रस्त्याकडे बघायची. तिने दिराला लहानाचा मोठा केला होता हो.

इथे मी प्रवेश करतो.

दर वर्षी वहीतली नावं आबा स्वतः मोजायचे. गेल्या वर्षी ते सकाळीच गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, आणायला बाजारात गेले होते, म्हणून अक्काने मला बसवलं. माझा चष्मा जळगावला राहिला होता. खरं सांगायचं तर तो मी मुद्दामच ठेवून आलो होतो. गावात चष्मा लावून फिरलं की माणूस पन्नाशीचा दिसतो. मी पन्नाशीचाच आहे, तो भाग वेगळा.

मी वही उघडली. जाडजूड, पुठ्ठ्याची, आमच्या जन्माच्या आधीची. अक्षरं धूसर, पण ओळी कुठे धूसर होत्या? काट मारलेल्या सोडल्या, बाकीच्या बोट ठेवून मोजल्या, पान उलटलं, पुढच्याही मोजल्या.

"कितला व्हयनात रे?" अक्काने सूप हातात घेऊन विचारलं.

"सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस? गया साल अडतीस व्हतात."

"अक्का, मी बी.कॉम. शे. सत्तेचाळीस म्हंजे सत्तेचाळीस!"

अक्का थबकली. बोटांवर काहीतरी मोजलं. नाना, त्यांचा विलास, त्याचे दोन भाऊ, आणि नातू पाच. मग ती एकदम भिंतीकडे तोंड करून पदर डोळ्यांना लावायला लागली.

"देवी पावनी रे! नऊ जास्ती, आनि सुरतवाला बी नऊच! तुना बापनी गुपचूप नाव लिखं. त्यासले काही इचारू नको. कबूल करतीन नही."

मला वाटलं, असेल बुवा. मी जेवलो आणि आडवा झालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका मी झोपेत असताना मोठ्या झाल्या आहेत.

दुपारी फोन वाजला. विलास! नानांचा मोठा मुलगा, माझ्याच वयाचा. बारा वर्षांत त्याचा आवाज ऐकला नव्हता.

"सुन्या! नवापूर सोडं! बठ्ठा येई ऱ्हायनूत! नाना ते सकायपासून रडी ऱ्हायनात!"

"कोठे येई ऱ्हायनात?"

"घर! अक्काना फोन वना ना, आबानी आमनी मूठ धरी म्हनीसन!"

मी ताडकन उठलो. अक्काचा चष्मा नाकावर चढवला आणि वही उघडली. अडतिसावं नाव माझ्या चुलत पुतण्याच्या तान्ह्या पोराचं. पान उलटलं. एकोणचाळिसावं नाव काय होतं सांगू?

'ठेंगू — भेगेत मावतो तो. मावत नाही तो माणूस.'

चाळीस वर्षं झाली. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जाईल अशा. मी आणि विलास दहा-दहा वर्षांचे. त्या भेगांखाली ठेंगूंचं गाव आहे हे आम्ही दोघांनीच शोधून काढलं होतं. पालथे पडून भेगेत गुळाचे खडे टाकायचो आणि खाली कोणी चघळतंय का ऐकायचो. छातीला मातीची धग लागायची. ठेंगूंच्या भाषेचा शब्दकोश पाहिजे असं विलासने ठरवलं, आणि कोरं पान सापडलं ते नेमकं कानबाईच्या वहीच्या मधोमध! त्याबद्दल आबांनी आम्हा दोघांना उठाबशा काढायला लावल्या होत्या. पण पान फाडलं मात्र नव्हतं. पुढे विलास सुरतेला गेला आणि शब्दकोश नवव्या शब्दावर थांबला. यादी वाढत वाढत त्या पानाला येऊन भिडली होती, एवढंच.

मी वाचत गेलो. 'दाढी — ठेंगूचं पांघरूण, टॉवेल आणि दप्तर.' 'मास्तर — ठेंगूंमध्ये नसतात. म्हणून ते सुखी.' मला हसू आलं, आणि मग विलासच्या तिरक्या अक्षरावरून नुसतं बोट फिरवत बसलो. आणि मग आठवलं की सुरतवाल्यांची जीप नवापूर सोडून निघाली आहे!

अक्काला सांगावं म्हणून चुलीपाशी गेलो. ती रोट भाजत होती आणि गात होती. बारा वर्षांत तिला गाताना मी ऐकलं नव्हतं. सांगा, तुमची जीभ उचलली असती? माझी नाही उचलली.

तेवढ्यात आबा गंगाफळ घेऊन आले.

"इतला रोट कोनसाठे?"

अक्का लाजली. पंचाहत्तरीची माझी आई लाजली हो! "जसं काही तुम्हले माहीतच नही!"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी गंगाफळाकडे बघितलं.

मग एकच उपाय सुचला. आबांच्या अक्षरात सुरतवाल्यांची नऊ नावं लिहून टाकायची! पेन शोधलं तर शाई वाळलेली. दुसरं शोधेपर्यंत दारात हॉर्न वाजला.

जीपमधून पोरं उतरली, सुना उतरल्या, शेवटी नाना. पांढरी दाढी छातीपर्यंत वाढलेली. ओट्यावर बसलेले आबा त्यांना बघून जागच्या जागी ताठ झाले. नाना पायरीशी थांबले.

"वहिनी, पाय पाठीमांगून ठेवस घरमा. पहिले माले मनं नाव दखाड."

"कसानं नाव?" आबा म्हणाले.

झालं! अक्काचा चेहरा पडला. नानांचा त्याहून. मी पुढे झालो, म्हटलं, "वही ते उंदरांनी..." तोवर माझ्याच मुलीने वही आणून नानांच्या हातात दिली. "ही घ्या आजोबा, पप्पांच्या उशाखाली होती."

नानांनी काटाकाटी ओलांडली, पान उलटलं. चष्मा नव्हता म्हणून वही लांब धरली आणि खड्या आवाजात एकेक ओळ वाचायला लागले. सगळी गल्ली ऐकत होती.

"भरीत — एका वांग्यात अख्खं गाव जेवतं. देठ सरपंचाचा." नानांनी वर बघितलं. "भूकंप — आबा शेतात आले. पळा."

कोणीतरी फिसकन हसलं. ते विलासचं हसू होतं. तो मागून वाकून बघत होता, आणि त्याला त्याचं अक्षर ओळखू आलं होतं. मी हात जोडून बोलून टाकलं, की नाना, चूक माझी आहे, आबांनी काही लिहिलं नाही, मी चष्म्याविना हे नऊ शब्द मोजले.

नानांनी वही मिटायला घेतली. ते वळणार, एवढ्यात आबा म्हणाले, "नववा ऱ्हायना. वाच."

नानांनी वाचलं. हळू वाचलं.

"भांडण — दोन ठेंगूंनी एकमेकांची दाढी धरणे. आधी सोडेल तो हरला. म्हणून दोघे तसेच म्हातारे होतात."

चुलीवर एक रोट करपला, त्याचा वास आला.

आबा काठी टेकत पायरी उतरले. "मना हात दुखी गया रे आते," ते म्हणाले.

"मना बी," नाना म्हणाले.

"मंग मी सोडस."

"नही, मी धाकला शे. पहिले मी सोडस."

"मी मोठा शे! पहिले मी!"

"अरे, त्यामा बी भांडण?" अक्का ओरडली. "रोट थंडा व्हई ऱ्हायनात! दोन्ही जण सोडा आनि घरमा या!"

सत्तेचाळीस मुठींचे रोट सत्तेचाळीस माणसांना पुरले नाहीत, कारण नानांनी एकट्याने चौघांचे खाल्ले. मी आणि विलास ओट्यावर बसून जुन्या भेगा आठवत राहिलो. तिथे आता ठिबकची नळी आहे, भेगा पडत नाहीत. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कानबाई उठली आणि आबांनी पेन मागितलं. या खेपेला कोणाचीही हिंमत झाली नाही ते द्यायची, शेवटी नानांनीच दिलं. आबांनी नऊच्या नऊ नावं लिहिली, बारा वर्षांच्या नातवाचं सगळ्यात आधी. लिहून झालं तरी वाकून आणखी काहीतरी खरडत बसले. ते आत गेल्यावर मी वही उघडली. शब्दकोशात चाळीस वर्षांनी दहावा शब्द पडला होता.

'सुनील — मोजता येतं, वाचता येत नाही असा ठेंगू. याची सव्वा मूठ धरू नये, अर्धी पुरे.'

हे झालं गेल्या श्रावणात. यंदा अक्काने माझी खरोखर अर्धीच धरली. मी चष्मा लावून बघितलं.